हेल्थ ड्रिंक नावाचं काही नसतंच!

मंडळी, आज जरा चिडून लिहितेय. इथल्या पावसाच्या, पुस्तकांच्या आणि खादाडीच्या गप्पांना सरावलेल्यांनी सांभाळून घ्यावं. खादाडी आजही आहे, पण ती डब्यांतली आणि पुड्यांतली. आणि नातेवाईक मंडळींनी कृपया शेवटपर्यंत वाचावं, कारण यातलं निम्मं तुमच्याच स्वयंपाकघरातलं आहे!

आधी एक साधी गोष्ट सांगते. ‘हेल्थ ड्रिंक’ नावाची वस्तू भारताच्या अन्नकायद्यात नाही. २००६ चा अन्नसुरक्षा आणि मानके कायदा आणि त्याखालचे सगळे नियम पालथे घाला, त्याची व्याख्या सापडणार नाही. हे माझ्या मनाचं नाही हो. खुद्द एफएसएसएआयने, म्हणजे देशातल्या खाण्यापिण्याचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, २ एप्रिल २०२४ ला ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना तसं कळवलं. दुधाची, धान्याची किंवा माल्टची पेयपूड म्हणून परवाना घेतलेल्या वस्तू तुम्ही ‘हेल्थ ड्रिंक’च्या रकान्यात ठेवून विकताय, ते थांबवा, असा त्याचा अर्थ. आठवड्याभरात, १० एप्रिलला, केंद्रीय वाणिज्य मंत्रालयानेही तेच सांगितलं आणि त्यात बोर्नव्हिटाचं नाव घेतलं.

म्हणजे बघा, दोन-तीन पिढ्या सकाळी ‘हेल्थ’ म्हणून पीत आल्या ते कायद्याच्या लेखी पेयाची पूड होतं. वाईट होतं असं मी म्हणत नाही. चॉकलेटी दूध मलाही आवडतं. पण चॉकलेटी दुधाला चॉकलेटी दूध म्हणावं, एवढीच माझी माफक अपेक्षा.

हे सगळं सुरू झालं ते २०२३ च्या एप्रिलमध्ये, रेवंत हिमतसिंगका या तरुणाने बोर्नव्हिटातल्या साखरेबद्दल एक व्हिडिओ टाकला तेव्हापासून. कंपनीची कायदेशीर नोटीस आली, त्याने व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर तो घरोघरी पोचला होता. मग राष्ट्रीय बालहक्क आयोगाने चौकशी सुरू केली. त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीने साखर कमीही केली. आता माझा प्रश्न असा, की कायदा होता, संस्था होती, परवाना देणारे अधिकारी होते, मग या रकान्याचं नाव चुकीचं आहे हे कळायला एका माणसाचा व्हिडिओ का लागावा?

आणि पुढची गंमत तर अजून मोठी. त्याच एप्रिल २०२४ मध्ये हॉर्लिक्सच्या मालक कंपनीने आपल्या वर्गाचं नाव ‘हेल्थ फूड ड्रिंक्स’ वरून ‘फंक्शनल न्यूट्रिशनल ड्रिंक्स’ असं केलं. एक पाटी उतरवली, दुसरी लावली. ‘हेल्थ’ निदान आमच्या आजीला कळत तरी होतं. ‘फंक्शनल न्यूट्रिशनल’ कळायला आता शिकवणी लावावी लागेल. :)

तर मुद्दा एवढाच. अन्न कुठल्या वर्गातलं हे कायदा ठरवतो, पण डब्याच्या तोंडावर कुठला शब्द ठेवायचा हे विकणारा ठरवतो. या दोन्हींची गाठ घातल्याशिवाय कायद्यातल्या त्या वर्गांना काही अर्थ नाही. माझं सगळं भांडण याच एका जागी आहे.

आता हे वर्ग म्हणजे काय ते थोडक्यात. (कंटाळवाणं आहे, पण पुढचं सगळं यावर उभं आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.)

त्याच कायद्याच्या कलम २२ मध्ये काही खास अन्नप्रकार सांगितले आहेत: विशेष आहारासाठीचं अन्न, फंक्शनल फूड, न्यूट्रास्युटिकल, हेल्थ सप्लिमेंट. विशेष आहाराचं अन्न कशाला म्हणायचं? शरीराची विशिष्ट अवस्था किंवा आजार यामुळे जी वेगळी गरज निर्माण होते, ती भागवण्यासाठी मुद्दाम तयार केलेलं ते. त्याची घडण तशाच साध्या अन्नापेक्षा ठळकपणे वेगळी हवी. आणि आजार बरा करतो असा दावा त्याने करायचा नाही. किती स्वच्छ व्याख्या आहे! २००६ चा कायदा, पण या प्रकारांचे सविस्तर विनियम आले २०१६ च्या अखेरीस आणि लागू झाले जानेवारी २०१८ पासून. मधली दहा-बारा वर्षं बाजार काय करत होता ते सांगायला नकोच.

त्या विनियमांत आणखी एक वेगळा वर्ग आहे, विशेष वैद्यकीय उपयोगासाठीचं अन्न. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचं, आणि तसं डब्यावर लिहावं लागतं. हा वर्ग कुणासाठी, याचं एक उदाहरण देते. फिनाइलकीटोन्युरिया नावाचा जन्मजात आजार असतो. प्रथिनांत फिनाइलॲलनिन नावाचा एक घटक असतो, तो या बाळांच्या शरीराला हाताळता येत नाही. तो साठत जातो आणि मेंदूला इजा करतो. अशा बाळाला दूधसुद्धा मोजूनमापून द्यावं लागतं आणि बाकीचं पोषण तो घटक काढून टाकलेल्या खास पावडरीतून मिळतं. तुमच्या शुगर-फ्री गोळ्यांच्या डबीवर, ॲस्पार्टेम असेल तर, ‘फिनाइलकीटोन्युरिक व्यक्तींसाठी नाही’ अशी बारीक ओळ असते ना, ती याच लोकांसाठी. त्यांच्यासाठी हे अन्न म्हणजे चैन नाही, फॅशन नाही. ते मिळालं नाही तर मूल वाढतं, पण मेंदू वाढत नाही.

मिसळणाच्या डब्यात प्रत्येक वाटी वेगळी का असते? फोडणी घालताना हात चुकू नये म्हणून. कायद्यातले वर्ग असेच. ते अशा बाळांसाठी, अशा आयांसाठी आहेत. तिथे बाजाराने सगळ्याच वाट्यांवर ‘हेल्थ’ लिहिलं, की ज्याला खरंच त्यातली एकच वाटी हवी आहे त्याने काय करायचं?

आमच्याच घरातलं सांगते. माझ्या मावसबहिणीच्या लेकीला सिलिअ‍ॅक आहे. म्हणजे गहू, जव यांच्यातलं ग्लूटेन तिला चालत नाही. ‘चालत नाही’ म्हणजे आपल्याला कारलं चालत नाही तसं नव्हे. तिच्या आतड्याच्या अस्तराला त्याने इजा होते. नियमाप्रमाणे ‘ग्लूटेन फ्री’ म्हणायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असता कामा नये. २० ते १०० असेल तर ‘लो ग्लूटेन’, आणि ते या रुग्णांना चालत नाही. म्हणजे हा शब्द मोजलेला शब्द आहे. पण मध्यंतरी आम्ही एका हॉटेलात गेलो, मेनूवर ‘ग्लूटेन फ्री भाकरी’ बघून पोरगी हरखली. ताईने विचारलं, पीठ कुठे मळता? वेटर म्हणाला, पोळ्यांचं मळतो त्याच परातीत, तवाही तोच. त्याला त्यात काही चूक वाटली नाही, कारण त्याच्या लेखी ‘ग्लूटेन फ्री’ ही वजन कमी करणाऱ्यांची फॅशन आहे. पोरीने त्या दिवशी घरून नेलेला दहीभात खाल्ला. तिच्या आईला तर हिंगसुद्धा तपासून आणावा लागतो, कारण बाजारातल्या खड्याच्या आणि पुडीच्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. आमटीच्या फोडणीपर्यंत ज्यांचं आयुष्य असं मोजलेलं आहे, त्यांच्या शब्दाशी बाजाराने असा खेळ करावा?

दुसरं उदाहरण आमच्या मामांचं. मामांना मधुमेह, आणि गोडाची आवड जन्माची. त्यांच्याकडे ‘आपली’ बिस्किटं असतात, म्हणजे पुड्यावर ‘मधुमेहींसाठी’ या अर्थाचं काहीतरी लिहिलेली. साधं बिस्किट असतं तर मामा दोन खाऊन थांबतील. पण ही ‘आपली’ ना, मग सहा! आता ‘शुगर फ्री’ या शब्दाला मोजमाप आहे, शंभर ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर नको. पण मोजायची ती साखर. बिस्किटातला मैदा पोटात गेल्यावर त्याचं ग्लुकोजच होतं. आणि अनेक पावडरींत मुख्य घटक असतो माल्टोडेक्स्ट्रिन. लेबलावर तो साखरेत धरला जात नाही, पण रक्तातली साखर तो जवळजवळ ग्लुकोजइतक्याच वेगाने वाढवतो. म्हणजे आकडा खरा, शब्द कायद्यात बसणारा, आणि मामांची साखर छताला.

यावर युरोपात काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. जर्मनीत ‘मधुमेहींसाठी’ असं लिहिलेली जॅम, चॉकलेटं, बिस्किटं दुकानांत वर्षानुवर्षं मिळायची, साखरेऐवजी फ्रुक्टोज वगैरे घातलेली. २०१० मध्ये त्यांनी तो नियमच काढून टाकला आणि दोन वर्षांच्या मुदतीनंतर, २०१२ च्या ऑक्टोबरपासून, ते शब्द पुड्यांवरून गेले. कारण सोपं होतं. मधुमेह असलेल्या माणसाला वेगळं चॉकलेट लागतं याला शास्त्रीय आधार नाही. त्याला तोच समतोल आहार लागतो जो सगळ्यांनी घ्यावा. पुढे युरोपीय संघाने २०१३ च्या कायद्याने जुना ‘पथ्याचं अन्न’ हा ढगळ वर्गच बंद केला, तो २०१६ च्या जुलैपासून. राहिले ते मोजके वर्ग: तान्ह्या बाळांचं अन्न, वैद्यकीय उपयोगाचं अन्न, वजन घटवण्यासाठी पूर्ण जेवणाऐवजी घ्यायचं अन्न. ज्या वर्गाची गरज सिद्ध होत नाही तो वर्गच नको, हा विचार मला फार आवडला. आपल्याकडे मात्र मधुमेही इतके, की कंपन्यांच्या दृष्टीने ती पथ्यावर पडलेली बाजारपेठ आहे. (हा विनोद नाही.)

आणि आता सगळ्यात वाईट प्रकरण. ओआरएस.

ओआरएस काय आहे हे आपल्या पिढीला दूरदर्शनने शिकवलं. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाइन संपलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचं पाणी पिंपांत तयार करून लोकांना पाजलं. तिथलं मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आज जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र ठरलेलं आहे: एका लिटरला ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९. ही मापं कुणाच्या चवीसाठी नाहीत. ग्लुकोज आणि सोडियम आतड्यातून जोडीने आत जातात आणि पाण्याला सोबत नेतात. साखर फार झाली की उलट होतं, आतड्यात पाणी ओढलं जातं आणि जुलाब वाढतात.

म्हणजे या तीन अक्षरांत जीव आहे, शब्दशः. आणि याच तीन अक्षरांना मागे-पुढे शेपूट जोडून, फळांच्या चवीची गोड पेयं औषधांच्या दुकानांत विकली जात होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष याविरुद्ध कित्येक वर्षं एकट्या ओरडत होत्या. २०२२ च्या एप्रिलमध्ये एफएसएसएआयने मनाई केली, आणि जुलैत स्वतःच सैल केली! नावात ओआरएस चालेल, फक्त ‘हे जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे ओआरएस नाही’ असं खाली लिहा, म्हणे. म्हणजे वर मोठ्या अक्षरांत ‘आहे’ आणि खाली बारीक अक्षरांत ‘नाही’. रात्री दोन वाजता, जुलाब होणारं लेकरू कडेवर घेऊन औषधाच्या दुकानात उभी असलेली आई खालची ओळ वाचेल? शेवटी १४ ऑक्टोबर २०२५ ला ती परवानगी मागे घेतली गेली. एक कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, पण न्यायालयाने महिनाअखेरीस हस्तक्षेपाला नकार दिला. त्या डॉक्टर बाईंचा आनंदाने रडतानाचा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. मला तो बघून आनंदाबरोबर संतापही आला. ज्या गोष्टीसाठी एक संस्था नेमलेली आहे, तिच्यासाठी एका बाईला इतकी वर्षं का झिजावं लागलं?

आता नेहमीचे आक्षेप. मला ते पाठ आहेत, कारण घरातच ऐकवले जातात.

पहिला, ‘लोकांनी लेबल वाचावं की!’ वाचतो हो. पण लेबलावरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत असली की कायद्याचं समाधान होतं. मराठी असेल तर वरची हौस. आमच्या गावच्या काकूंनी माल्टोडेक्स्ट्रिन हा शब्द इंग्रजीत, डब्याच्या मागे, चष्मा लावूनही न दिसणाऱ्या अक्षरांत वाचायचा आणि वर त्याचा अर्थ समजून घ्यायचा? पुढच्या बाजूला धावणारं पोरगं आणि ढाल मात्र कुठल्याही भाषेत कळते.

दुसरा, ‘एवढे नियम केले तर छोटे लोक मरतील.’ हा आक्षेप मी मनापासून ऐकते, कारण आमच्याकडे नाचणीचं सत्त्व, अळिवाचे लाडू बचत गटातल्या ताईंकडूनच येतात. पण त्या ताई पाकिटावर काय लिहितात? ‘नाचणीचं सत्त्व’. जे आहे तेच. मी म्हणते त्या नियमाने त्यांच्या केसालाही धक्का लागत नाही. खरं तर आज मार त्यांनाच बसतोय. त्यांचं सत्त्व साधं धान्य, आणि शेजारच्या फळीवरची साखर घातलेली पूड ‘शास्त्रीय पोषण’!

तिसरा, ‘ज्याची त्याची निवड.’ मान्य. माणसाने साखर खावी, मैदा खावा, हवं ते खावं. पण निवड करायची तर समोर काय आहे ते खरं सांगायला हवं ना? खोट्या पाटीखाली केलेल्या निवडीला फसवणूक म्हणतात.

मग हवं काय? माझ्या मागण्या तीनच.

एक, आरोग्याचा किंवा आजाराचा अर्थ असलेला शब्द, मग तो ‘हेल्थ’ असो, ‘डायबेटिक’ असो, ‘इम्युनिटी’ असो, फक्त कायद्याने त्या वर्गात बसवलेल्या आणि तपासलेल्या वस्तूलाच वापरता यावा. वस्तूच्या नावात, कंपनीच्या नावात, दुकानाच्या रकान्यात, सगळीकडे हाच नियम. आणि तपासणी विक्रीच्या आधी व्हावी. जपानने १९९१ पासून अशा आरोग्याच्या दाव्याच्या अन्नासाठी सरकारी मंजुरी आणि ठरलेली खूण ठेवली आहे. अशक्य असतं तर तिथेही झालं नसतं.

दोन, वस्तूचा खरा वर्ग डब्याच्या तोंडावर, मोठ्या अक्षरांत, त्या राज्याच्या भाषेत. ‘साखरयुक्त पेयपूड’ असेल तर ‘साखरयुक्त पेयपूड’. औषधाच्या दुकानात ठेवली म्हणून ती औषध होत नाही, हेही त्याच जागी लिहा.

तीन, वरचं नाव खालच्या बारीक ओळीने खोडायची सोय कायमची बंद. नाव खोटं असेल तर नाव बदला.

यातलं काहीही आपोआप होणार नाही. ओआरएसचं झालं ते कुणीतरी चिकाटीने मागे लागल्यामुळे. महाराष्ट्रात अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासनाकडे आहे, तिथे लेखी तक्रार करता येते, आणि ती करायला डॉक्टर असावं लागत नाही.

तेव्हा मंडळी, आज एक काम करा. घरातला कुठलाही ‘हेल्थ’वाला डबा उचला, ज्याच्यावर तुमचा सगळ्यात जास्त विश्वास आहे तोच. त्याच्यावर कायद्यातल्या वर्गाचं नाव कुठे आहे ते शोधा, आणि शोधायला किती वेळ लागला ते मला कळवा. मामा, तुम्ही बिस्किटांचा पुडा घ्या.